नागपूरच्या शेजारचा आपला मुलूख : पांढुर्णा आणि सौसर

(ट्रस्टच्या महोत्सवी सभेत वाचलेले भाषण)



महोत्सवाच्या निमित्ताने ‘पांढुर्णा-सौसर परिचय’ या विषयावर चार शब्द बोलावे अशी आज्ञा विश्वस्तांनी केली, तेव्हा प्रथम आम्हांला हसूच आले. पांढुर्ण्याच्या माणसांना पांढुर्णा दाखवावयाचा म्हणजे काशीकराला गंगा दाखवण्यापैकीच प्रकार! परंतु कार्यवाहांनी सभासदांच्या पत्त्यांचे पुस्तक आमच्यापुढे ठेवले आणि आमचे हसू मावळले. त्या पुस्तकात पानामागून पान नागपूरचे पत्ते आहेत. मधून मधून पुणे, भोपाळ, इंदूर. पांढुर्णा, सौसर, मोहगाव, लोधीखेडा, पिपळा, रामाकोना ही नावे शोधून काढावी लागतात. ज्यांच्यासाठी ही स्मरणिका निघत आहे त्यांतील पुष्कळांची मुले गावाला वर्षातून एकदा, पोळ्याला किंवा लग्नाला, येतात आणि दुसऱ्या दिवशीची गाडी धरतात.

मागील उन्हाळ्यात नागपुरात एका सभासदांच्या घरी आम्ही उतरलो होतो. त्यांची आठवीतली नात आम्हांला म्हणाली, “आबा, तुम्ही सगळे मराठी बोलता, मग तुमचं गाव महाराष्ट्रात का नाही?” प्रश्न सरळ होता. उत्तर देता देता आमचा चहा निवून गेला आणि मुलीचे समाधान काही झाले नाही. आज तेच उत्तर जरा विस्ताराने देण्याचा विचार आहे. शेवटी आजच्या सभेपुढील ठरावासंबंधीही दोन शब्द बोलणार आहोत, कारण तो ठराव याच प्रश्नातून निघालेला आहे.

जुन्या इंग्रजी गॅझेटियरात छिंदवाडा जिल्ह्याचे दोन भाग सांगितलेले आहेत : वरचा तो बालाघाट आणि खालचा तो झेरघाट. (हा बालाघाट म्हणजे त्या नावाचा जिल्हा नव्हे.) बाला म्हणजे वर, झेर म्हणजे खाली. छिंदवाडा शहर समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांच्याही वर सातपुड्याच्या पठारावर बसलेले आहे. आपला मुलूख घाट उतरून खाली, नागपूरच्या मैदानाला लागून आहे. सौसरहून छिंदवाड्यास जावयाचे तर घाट चढावा लागतो, नागपुरास जावयाचे तर एकही चढ नाही. आपल्या मुलखाचा निम्मा इतिहास या एका गोष्टीत आला. बैलबंडीच्या काळी ज्या दिशेला उतार त्या दिशेला बाजार, आणि जिकडे बाजार तिकडे सोयरीक. पांढुर्ण्याच्या मुली काटोल-नरखेडला पडल्या, सौसरच्या सावनेर-केळवदला. तिकडच्या सुना इकडे आल्या. पाणीही त्याच वाटेने गेले. पांढुर्ण्याची जाम नदी पुढे कन्हानला मिळते, कन्हान आपल्या सौसर तहसिलीतून उतरून नागपूर जिल्ह्यात शिरते, आणि नागपूर शहर आपल्या पिण्याच्या पाण्याचा एक भाग याच कन्हानेतून घेते. दुसरा मोठा भाग पेंचेचा, आणि तीही छिंदवाड्याचीच लेक. २०१९ साली पावसाने दगा दिला, वरच्या अंगाला चौरईच्या बाजूस बांधलेल्या धरणात पाणी अडले, आणि नागपुरात एक दिवसाआड नळ सोडण्याची पाळी आली. घाटावर काय चालले आहे याची चौकशी नागपूरकरांनी त्या वर्षी जितकी केली तितकी एरवी कधी केल्याचे आम्हांला आठवत नाही.

आणि नागपूर तरी कोणाचे? हे शहर वसवले देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शहाने, १७०२ च्या सुमारास, बारा खेडी एकत्र करून. देवगड आपल्या छिंदवाडा जिल्ह्यात, डोंगरात. म्हणजे घाटावरचा राजा खाली उतरला आणि त्याने मैदानात शहर मांडले. पुढे भोसल्यांनी तेथे राजधानी केली, १८५४ साली इंग्रजांनी ते राज्य खालसा केले, १८६१ साली मध्य प्रांत झाला आणि नागपूर त्याची राजधानी झाले. राजधानी म्हटली की कचेऱ्या, कॉलेजे, दवाखाने, छापखाने, गिरण्या सारे एका ठिकाणी येते. १९२३ साली विद्यापीठ झाले, १९३६ साली हायकोर्ट झाले, १९४७ साली मेडिकल कॉलेज झाले. सौसरहून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर, पांढुर्ण्याहून शंभर. आपल्या आजोबा-पणजोबांच्या लेखी दाद मागावयाची तर नागपूर, शिकावयाचे तर नागपूर, आजारी पडले तर नागपूर. त्या वेळी ही गोष्ट सांगावीसुद्धा लागत नसे, कारण राज्य एकच होते.

रेल्वेने ही गाठ पक्की केली. आपल्याला दोन रेल्वे लाभल्या आणि दोघींचा स्वभाव वेगळा. सौसरची ती बंगाल नागपूर रेल्वेची अडीच फुटी धाकटी गाडी, १९१३ च्या सुमारास सुरू झालेली. इतवारीहून निघावी, सावनेर, केळवद, लोधीखेडा, सौसर, रामाकोना करीत घाट चढावा आणि छिंदवाड्यास पोहोचावे. ती इतकी सावकाश चाले की घाटात पोरे उतरून बोरे वेचीत आणि पळत जाऊन पुन्हा डब्यात चढत, असे सांगतात. आम्ही स्वतः हे केले नाही असे आमच्या नातवंडांना सांगितले आहे. २०१५ च्या अखेरीस ही गाडी बंद झाली आणि तिच्या जागी रुंद रूळ आले. मधली वर्षे सौसरकरांनी बसमध्ये उभे राहून काढली.

पांढुर्ण्याची गोष्ट निराळी. इटारसी-नागपूर मार्ग १९२४ च्या सुमारास पुरा झाला आणि पांढुर्णा एकदम दिल्ली-मद्रासच्या थोरल्या रस्त्यावर आला. मोठ्या शहराच्या लहान शेजाऱ्याला अशा मार्गाचा लाभ मोठा असतो, आणि एक तोटाही असतो : गाडी जितक्या सहज माल नेते तितक्याच सहज माणूसही नेते. सकाळी नागपूरकडे जाणाऱ्या गाडीवर स्टेशनात उभे राहून पाहावे. डबे घेतलेली नोकरमाणसे, दप्तरे घेतलेली पोरे, एक्स-रेचे मोठे पाकीट काखेत धरलेली म्हातारी आणि तिच्याबरोबर एक वैतागलेला मुलगा. रात्री हीच माणसे परत येतात. काही वर्षांनी त्यांतील पुष्कळजण नागपुरात खोली घेतात, मग घर घेतात, आणि मग कार्यवाहांच्या पुस्तकात पत्ता बदलावा लागतो.

माल म्हणजे अर्थातच संत्रा. जग त्याला नागपूरचा संत्रा म्हणते. २०१४ साली त्या नावाला सरकारी भौगोलिक मानांकनही मिळाले. पण नागपूर शहरात संत्र्याची झाडे किती असतील ती असोत, संत्रा पिकतो तो काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी आणि आपल्या पांढुर्णा-सौसरच्या बगीच्यांत. संत्र्याचे रोप रघुजी भोसल्यांनी औरंगाबादेहून आणविले असे सांगतात. आपल्याकडे ते रुजले याचे कारण जमीन. वर काळी माती, खाली मुरूम, पाणी साचत नाही. जंभेरीच्या खुंटावर डोळा बांधावयाचा, पाच-सहा वर्षे पोरासारखे जपावयाचे, आणि मग बहार धरावयाचा. पाणी तोडून झाडाला ताण द्यावा, पाने सुकू लागली की पाणी सोडावे, आणि पंधरा-वीस दिवसांत सारा बगीचा पांढऱ्या फुलांनी भरावा. जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो तो आंबिया, त्याचे फळ दिवाळीनंतर. मृगाच्या पावसावर फुलतो तो मृग बहार, त्याचे फळ फेब्रुवारी-मार्चात. रात्री त्या वाऱ्यात बाजेवर निजलेल्या माणसाला अत्तराची बाटली कोणी दाखवू नये.

मात्र ह्या पिकाचा हिशेब शेतकऱ्याच्या हाती नाही. व्यापारी येतो, बगीच्यात फेरी मारतो, झाडावरच सौदा करतो आणि विसार देऊन जातो. मध्येच गळ लागली, गारपीट झाली, की त्याला फोन लागत नाही. माल नागपूरच्या संत्रा मार्केटात नाही तर कळमन्याला जातो, तेथून दिल्ली, कलकत्ता, आणि पूर्वी पुष्कळसा बांगलादेशातही जात असे. तिकडे आयातकर वाढला की इकडे पांढुर्ण्यात भाव पडतो. ढाक्याच्या कचेरीत कोणी एक कागद सही करतो आणि आपल्याकडे एका मुलीचे लग्न पुढच्या वर्षावर जाते. मग डिंक्या आहे, कोळशी आहे, उन्हाळ्यात आटणाऱ्या विहिरी आहेत. बोअर दरवर्षी खोल जात आहेत. ज्यांच्या वडिलांनी संत्र्यावर माडी बांधली त्यांच्यापैकी काहींनी गेल्या काही वर्षांत झाडे तोडून मका पेरला आहे. आम्ही त्यांना दोष देत नाही. झाड तोडणाऱ्याच्या घरी त्या रात्री चूल नीट पेटत नाही, एवढे मात्र आम्ही पाहिलेले आहे.

आता त्या मुलीचा प्रश्न. १९५६ पूर्वी जे मध्य प्रदेश राज्य होते त्याची राजधानी नागपूरच होती, आणि १९५० च्या कायद्याने त्या राज्याच्या राजभाषा दोन होत्या : हिंदी आणि मराठी. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ साली विदर्भाचे स्वतंत्र राज्य करण्याची शिफारस केली होती. ती स्वीकारली गेली नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा, अमरावती, अकोला, बुलढाणा आणि यवतमाळ हे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आले. वाटणी जिल्हावार झाली. छिंदवाडा जिल्हा एकंदरीने हिंदी, म्हणून तो सबंध नव्या मध्य प्रदेशात राहिला. त्याची झेरघाटची तहसील मराठी आहे हे सर्वांना ठाऊक होते. ग्रिअर्सनसाहेबाने विसाव्या शतकाच्या आरंभीच भाषांची पाहणी करून छिंदवाड्याच्या दक्षिण भागात नागपुरी मराठी बोलतात असे छापून ठेवले होते. परंतु जिल्हा तोडावयास कोणी तयार नव्हते. एका रात्रीत आपली राजधानी शंभर किलोमीटरवरून तीनशे किलोमीटरच्या आसपास गेली, आणि हायकोर्ट नागपूरचे जबलपूरला गेले. गाव जेथल्या तेथे राहिले.

हा अन्याय झाला असे म्हणणारे आपल्यात आहेत, आणि त्यांच्याशी वाद घालण्याचे हे स्थळ नव्हे. आम्हांला एवढेच म्हणावयाचे आहे की भोपाळने आपल्याला परके मानले असे नाही. शाळा आल्या, रस्ते आले, वीज आली. सौसरजवळ बोरगावला औद्योगिक वसाहत झाली आणि १९९१ साली रेमंडची कापडगिरणी तेथे उभी राहिली. नागपूर जवळ म्हणूनच ती तेथे आली, आणि मध्य प्रदेशात म्हणून तेथे आली. सीमेवरच्या गावाला असा दुहेरी फायदा क्वचित मिळतो. ज्या अडचणी आल्या त्या फार साध्या, रोजच्या, आणि म्हणूनच कोणी त्यांवर भाषण केले नाही.

उदाहरण देतो. पांढुर्ण्याचा मुलगा बारावीला उत्तम गुणांनी पास झाला. सर्वांत जवळचे चांगले कॉलेज नागपुरात. तेथे अर्ज भरताना त्याला ‘महाराष्ट्राचा रहिवासी’ या रकान्यात ‘नाही’ लिहावे लागते, आणि राज्याच्या कोट्यातून तो बाहेर पडतो. कर्नाटकाच्या सीमेवरील वादग्रस्त गावांतील मराठी मुलांसाठी महाराष्ट्राने प्रवेशात वेगळी सोय ठेवली आहे. आपल्या मुलांसाठी तशी सोय नाही, कारण आपण कधी वाद घातला नाही. दुसरे उदाहरण जातीच्या दाखल्याचे. अनुसूचित जाती-जमातींच्या याद्या राज्यवार आहेत. आई काटोलची, वडील सौसरचे, घराणी एकच. पण एका राज्याचा दाखला दुसऱ्या राज्यात आरक्षणासाठी चालत नाही. काटोलहून सौसरला सून म्हणून आलेल्या शिकलेल्या मुलीला नोकरीचा अर्ज करताना हे प्रथम कळते. तोपर्यंत तिच्या माहेरची शंभर माणसे वऱ्हाडात येऊन जेवून गेलेली असतात, आणि मध्ये सीमा आहे हे कोणाच्या ध्यानातही आलेले नसते.

तिसरी गोष्ट भाषेची, आणि ती आम्हांला सर्वांत अधिक लागते. आपल्या घरी मराठी, शाळेत हिंदी, कचेरीत हिंदी, आता वरच्या इयत्तांत इंग्रजी. आपल्या पिढीने मराठी शाळा पाहिल्या. पुढे त्या मागे पडत गेल्या. आजचे पोर “मी येऊन राहिलो” असे अस्सल आपल्या बोलीत बोलते, पण त्याच्यापुढे मराठी वर्तमानपत्र ठेवले की अडखळते. ‘ळ’ लिहिताना पेन थांबतो. सरकारी पाटीवर ‘सौंसर’, आपल्या तोंडी ‘सौसर’. या दोन उच्चारांच्या मध्ये आपली मुले वाढत आहेत. भजनी मंडळात खंजिरी आहे, तुकडोजी महाराजांची भजने आहेत, धापेवाड्याची यात्रा आहे. कानाने मराठी जिवंत आहे. डोळ्याने ती वाचता येत नाही, अशी ही चमत्कारिक निरक्षरता आहे.

येथे थोडे दूरचे उदाहरण घेतो, कारण मोठ्या शहराच्या शेजारी राहण्याचा प्रसंग आपल्यावरच आला आहे असे नव्हे. जपानात टोकियोपासून सुमारे तीस किलोमीटरवर कावागोए नावाचे शहर आहे, सायतामा प्रांतात. साडेतीन लाखांच्या आसपास वस्ती. टोकियोचे जुने नाव एदो. त्या काळी कावागोएची रताळी, धान्य, माल शिंगाशी नदीतून नावांनी एदोला जात असे, आणि तिकडच्या चालीरीती उलट इकडे येत. म्हणून लोक कावागोएला ‘कोएदो’, म्हणजे धाकटे एदो, म्हणू लागले. आपल्या संत्र्याच्या बंड्या नागपूरला जात आणि तिकडून पातळे, पितळी भांडी व नाटक मंडळ्या येत, त्यातलाच हा प्रकार. १८९३ साली कावागोएला मोठी आग लागली, गावाचा सुमारे तिसरा हिस्सा जळाला. व्यापाऱ्यांनी पाहिले की जाड मातीच्या भिंतींची जुनी कोठारे तेवढी वाचली आहेत. तेव्हा त्यांनी दुकानेही तशीच बांधली, काळ्या जाड भिंतींची.

पुढे आगगाड्या आल्या. टोकियोला जाणे अर्ध्या-पाऊण तासाचे झाले. जपानी भाषेत अशा गावांना एक शब्द आहे : ‘बेडटाउन’, म्हणजे रात्री निजावयाचे गाव. दिवसा माणसे राजधानीत, रात्री घरी. कावागोएची जुनी बाजारपेठ ओस पडू लागली, उंच इमारती येऊ लागल्या. तेव्हा तेथील दुकानदारांनी आणि रहिवाशांनी १९८३ साली एक मंडळ काढले आणि ती काळी दुकाने राखण्याचे ठरविले. सरकारचे संरक्षण मिळाले ते १९९९ साली, म्हणजे सोळा वर्षांनी. आज टोकियोची माणसे सुट्टीच्या दिवशी उलट गाडीने कावागोएला येतात, ती दुकाने पाहावयास आणि रताळ्याची मिठाई खावयास. ऑक्टोबरात तेथे उंच रथांचा उत्सव होतो, तो २०१६ साली युनेस्कोच्या यादीत गेला. आपल्या माड्या काही तशा जुन्या नाहीत आणि आपल्याकडे उलट गाडीने कोणी येईल अशी आम्हांला आशाही नाही. जामसावळीच्या निजलेल्या हनुमानाच्या दर्शनाला मात्र नागपूरकर मोटारी भरभरून येतात, ही गोष्ट खरी. त्या उदाहरणात आम्हांला घेण्यासारखे वाटले ते एवढेच, की कावागोएच्या लोकांनी टोकियोला जाणे बंद केले नाही. रोज गेले, आणि परत येण्याच्या जागेकडे लक्ष दिले.

उत्सवाचा विषय निघाला म्हणून गोटमारीविषयी बोलणे भाग आहे. पांढुर्ण्याचा परिचय आणि गोटमार नाही, असे बाहेरचे कोणी मानणार नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे नागपुरात मारबती निघतात त्याच दिवशी, जामेच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात, त्यावर झेंडा, आणि दोन तीरांवरून पांढुर्णा व सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात. एका गावचा मुलगा, दुसऱ्या गावची मुलगी, नदीतून पळून जाताना दोन्हीकडून दगड आले, अशी कथा सांगतात. शेवटी झेंडा चंडीमातेच्या देवळात जातो. दरवर्षी शेकडो डोकी फुटतात, आणि अनेकांचे प्राण गेले आहेत. सरकारने जमावबंदी करून पाहिली, रबरी चेंडू आणून पाहिले. चेंडू नदीत वाहून गेले आणि गोटे राहिले. आमचे मत येथील काही ज्येष्ठांना रुचणार नाही हे ठाऊक आहे, तरी सांगतो. पूजा राहावी, पळस राहावा, झेंडा राहावा, दगड जावेत. आमच्या ओळखीच्या एका घरात त्या दिवशी अजूनही सण करीत नाहीत. बाहेर आपल्या गावाचे नाव वर्षातून एकदाच वर्तमानपत्रात येते आणि ते या कारणाने येते, याचा आपल्या नागपुरातील मुलांना संकोच वाटतो. ती मुले गावाचे नाव सांगताना “छिंदवाड्याकडचे” म्हणतात, ते आम्ही आमच्या कानांनी ऐकले आहे.

२०२३ साली मात्र एक मोठी गोष्ट झाली. पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. पांढुर्णा आणि सौसर या दोन तहसिली छिंदवाड्यातून निघाल्या आणि राज्यातील जिल्ह्यांची संख्या त्या वर्षी पंचावन्नवर गेली. १९५६ साली जो झेरघाट तोडावयास कोणी तयार नव्हते तो सदुसष्ट वर्षांनी वेगळा झाला, राज्य न बदलता. एका दाखल्यासाठी घाट चढून दिवस मोडणे आता संपले. सौसरकरांची तक्रार आहे की जिल्ह्याचे नाव आणि कचेरी दोन्ही पांढुर्ण्याला गेली. तक्रार रास्त आहे. जुनी तहसील त्यांची, पांढुर्णा एके काळी तिच्यातलाच भाग. पण नवीन जिल्हा म्हणजे नवीन कचेऱ्या, आणि कचेऱ्या म्हणजे शिकलेल्या मुलांना घरी राहून करता येईल अशी थोडी तरी कामे. १९५६ नंतर प्रथमच मोठ्या शहराची ओढ किंचित सैल होईल असा हा प्रसंग आहे.

आता ठराव. महोत्सवी निधी जमला आहे. तो सर्व खर्चून नागपुरात जागा घ्यावी, विद्यार्थ्यांचे वसतिगृह आणि रुग्णांच्या नातलगांसाठी खोल्या कराव्या, अशी सूचना आलेली आहे. दोन वर्षांपूर्वी ही सूचना प्रथम निघाली तेव्हा तिच्या बाजूने सर्वांत मोठ्याने आम्हीच बोललो होतो, हे येथील सभासदांच्या स्मरणात असेल. मेडिकलच्या आवारात फरशीवर चादर अंथरून निजलेली आपली माणसे आम्ही पाहिली आहेत, म्हणून बोललो होतो. रुग्णांच्या नातलगांसाठी खोल्या झाल्याच पाहिजेत, त्यात आमचा विचार बदललेला नाही. त्या विकत न घेता भाड्याने घेतल्या तरी चालतील, दोन पुरेत.

वसतिगृहाविषयी मात्र आमचे मत बदलले आहे. त्या पत्त्यांच्या पुस्तकाने बदलले. आपण वसतिगृह बांधले तर नागपूरला जाणारा मुलगा दोन हजार रुपयांनी कमी अडेल, इतकेच. तो तसाही जाणार. जो जाऊ शकत नाही, ज्या मुलीला घरचे धाडणार नाहीत, सालदाराचा जो मुलगा संध्याकाळी ओलिताला जातो, त्याच्यासाठी येथे रात्री बसून वाचावयास दिवा असलेली एक खोली नाही. तेव्हा आमची दुरुस्ती अशी : निधीचा मोठा भाग येथे राहावा. पांढुर्ण्यास एक आणि सौसरास एक अशा दोन अभ्यासिका कराव्या. सौसरची आधी करावी, म्हणजे तक्रार निम्मी कमी होईल. त्यांत स्पर्धापरीक्षांची हिंदी पुस्तके असावी, कारण परीक्षा त्या भाषेत आहे. आणि रविवारी तासभर मराठी वाचन-लेखनाचा वर्ग असावा, पहिलीच्या पुस्तकापासून, मोठ्या मुलांनाही लाज न वाटता बसता येईल असा. शिकवावयास आपल्यातील निवृत्त गुरुजी व बाई तयार आहेत. तिघांनी आम्हांला तोंडी होकार दिला आहे. तसेच रहिवास आणि दाखल्यांच्या या सीमेवरच्या भानगडी समजावून सांगणारा एक जाणता माणूस आठवड्यातून एक दिवस तेथे बसावा. लग्न जमवण्यापूर्वी जसे आपण गुण पाहतो तसे आता दाखलेही पाहावे लागतील, त्याला इलाज नाही.

नागपुरातील सभासदांना हे रुचेल की नाही याची आम्हांला धास्ती आहे, कारण निधीचा मोठा वाटा त्यांचा आहे आणि त्यांच्या मुलांना या अभ्यासिकांचा काही उपयोग नाही. त्यांना आमची विनंती एवढीच की मत देण्यापूर्वी एकदा मुलांना घेऊन यावे, पोळ्याला नव्हे, साध्या मंगळवारी, आणि संध्याकाळी सहानंतर येथील मुले कोठे बसतात ते पाहावे. ज्या मुलीने प्रश्न विचारला होता तिला घेऊन येण्याचे तिच्या आजोबांनी कबूल केले आहे.

पांढुर्ण्याच्या अभ्यासिकेसाठी नवी जागा लागणार नाही. ट्रस्टच्या जुन्या सभागृहाची माडी आहे. ती झाडून, दोन खिडक्या वाढवून, तीस मुले आरामात बसतील असे गवंड्याने पाहून सांगितले आहे. सध्या तेथे लग्नकार्यासाठी भाड्याने द्यावयाची पातेली, परातींची चवड आणि शामियान्याचे बांबू ठेवलेले आहेत. ही भांडी कोठे हलवावयाची एवढा एक प्रश्न शिल्लक आहे, आणि त्याचे उत्तर भांडारप्रमुखांनी आजच्या सभेत द्यावे अशी आमची त्यांना विनंती आहे.